टोपी घातली की बाई

स्वयंपाकघराच्या दारामागे एक खुंटी होती. त्या खुंटीवरची गवती टोपी काढायची, दोन्ही हातांनी डोक्यावर नीट बसवायची, मागच्या दाराने बाहेर पडायचं, अंगणातून घराला अर्धा वळसा घालून पुढच्या दाराने आत यायचं, आणि पाच मिनिटांपूर्वी ज्यांना अंडी उकडून वाढली त्या आपल्याच दोन मुलांकडे अनोळखी नजरेने पाहत म्हणायचं, "बसा."

मुलं त्याआधीच उभी असायची. "गुड मॉर्निंग, बाई!"

आलापल्लीत रोज सकाळी साडेसातला हा सोहळा व्हायचा आणि तो बघायला कुंपणाबाहेर माझ्या शाळेतली वीस-पंचवीस पोरं जमायची. माझी शाळा अकराची. तोवर त्यांना दुसरं काय काम? "मास्तर, मेमबाई आपल्याच घरात पाहुनी बनून येते जी," असं त्यांनी मला येऊन सांगितलं तेव्हा मी त्यांना दटावलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. तुम्हीही राहिला असतात.

त्या वेळी आमच्या जिल्ह्याला चांदा म्हणत आणि आमचे वरिष्ठ नागपुरात बसत. सावली गावाकडच्या धानाच्या मुलखातून माझी बदली या सागवानाच्या गावात झाली होती, तीही हेडमास्तर म्हणून. हेडमास्तर म्हणजे एका मास्तराचा हेड, कारण मला धरून शाळेत दोनच मास्तर होते. पण ऐट काय विचारता! शाळा, शिक्षण, परीक्षा या विषयांत आलापल्लीत माझ्या वर कोणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती. आणि ही बाई माझ्या डोळ्यांदेखत स्वयंपाकघरातून शाळा काढत होती.

तिचा नवरा, म्हणजे साहेब, मिशनरी. काम धर्माचं, पण गावाला माहीत तो दवाखान्यामुळे. ताप, खरूज, विंचू चावला की लोक साहेबांच्या ओसरीवर. बाई बायकांना औषध द्यायच्या आणि त्यांच्याशी बोलता बोलताच मराठी शिकल्या होत्या. त्यामुळे त्यांची मराठी माझ्यापेक्षाही झाडीची, म्हणजे आमच्या जंगलपट्टीतली. "मी जातो, मी येतो," आमच्याकडच्या बायकांसारखंच. नव्या आलेल्या रेंजर साहेबांनी एकदा त्यांच्याशी पुणेरी मराठीत बोलायला सुरुवात केली, तर बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "हे भाऊ कुठचे होत जी? सादं काऊन नाई बोलत?"

आणि कुठल्याही अडचणीवर त्यांचं एकच उत्तर असे. रस्ता बंद झाला, औषध संपलं, गाय आटली, काहीही होवो. "काऊन नाई होत? करून पाहू ना."

पण या बाईंना मी गप्प उभं राहिलेलंही पाहिलं होतं. त्यांची दोन्ही मुलं, पंधराची मोठी आणि तेराचा धाकटा, दक्षिणेकडे डोंगरावर गोऱ्यांच्या निवासी शाळेत असायची. मिशनचा रिवाजच तो. हिवाळ्यात काही आठवडे घरी यायची आणि परत जायची. बल्लारशाची मोटार आमच्या शाळेसमोरून सुटे. पत्र्याच्या दोन ट्रंका टपावर चढत, मुलं खिडकीशी बसत, मोटार निघे. बाई धूळ खाली बसेपर्यंत तिथेच. धूळ बसल्यावरही तिथेच. मी वर्गातून पाहायचो आणि मुलांना पाढे मोठ्याने म्हणायला लावायचो, म्हणजे निदान बाईंच्या कानावर काहीतरी पडावं.

मग एका हिवाळ्यात जेवायला बसल्यावर मोठीने मीठ मागितलं. मागताना आईला ती म्हणाली, "मॅडम." वसतिगृहातल्या देखरेखीच्या बाईला म्हणायची सवय, तीच तोंडातून निघाली. मुलगी लाजली, धाकटा हसला, साहेबांनी मीठ पुढे केलं. बाईंनी मला हे पुढे पुष्कळ दिवसांनी सांगितलं. "मास्तर, पोट्टीनं शिव्या देल्या असत्या तं चाललं असतं. मॅडम म्हने मले!"

त्या वर्षी ट्रंका टपावर चढल्या नाहीत. मिशनच्या कमिटीशी बाईंची बरीच पत्रापत्री झाली. शेवटी कमिटीने एक वर्ष दिलं. त्यांच्या देशात टपालाने धडे पाठवणारी एक शाळा होती. तिची वर्षअखेरची परीक्षा दोन्ही मुलं पास झाली तर घरी राहतील. एक जण जरी नापास झाला तर दोघंही पुन्हा डोंगरावर, आणि मग वाद नाही. टोपी त्यानंतर आली. कधी मॅडम आणि कधी आई, हे मुलांना पक्कं कळावं, म्हणून.

नियम मोठे कडक होते. टोपी डोक्यावर असेपर्यंत आई घरात नाही. भूक लागली, पाय दुखला, काही सांगायचं असलं तर आई आल्यावर सांगा. दुपारी बारा वाजता टोपी खुंटीवर जायची आणि मुलं धावत स्वयंपाकघरात येऊन तक्रार करायची, "आज बाई फार रागावल्या." आई पोळी लाटता लाटता डोळे मोठे करायची. "हो का? लई कडक हाय वाटते. मी बोलतो तिच्यासंगं." दुसऱ्या दिवशी टोपी घालून आत आल्यावर बाई म्हणायच्या, "तुमची आई भेटली होती काल. बाप्पा, केवढी बोलली मले!" हे सगळं त्या घरात इतक्या गंभीरपणे चाले की मला आधी भीती वाटली आणि नंतर हेवा.

माझा राग मात्र गेला नव्हता. शाळा म्हणजे हजेरीपट, घंटा, इन्स्पेक्टर. टपालाने कुठे शिक्षण येतं? असा फुगून बसलो होतो आणि एका गुरुवारी शाळा सुटता सुटता बाईच दारात.

"मास्तर, भूमिती येते का जी तुमाले?"

"येते," मी म्हणालो. नॉर्मल स्कूलमध्ये, मास्तरकी शिकताना, मी भूमितीत पहिला होतो, हेही सांगून टाकलं.

"मले नाई येत. आन् सोमवारी पोट्ट्याईले शिकवाची आहे."

माझ्या फळ्याशेजारी एक खिळा होता. बाईंनी टोपी काढून त्यावर अडकवली आणि पहिल्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. "इथी मी शिकाले आलो. टोपीचं इथी काम नाई."

मग दर गुरुवारी त्या येत. सोमवारी मुलांना शिकवायचं ते गुरुवारी माझ्याकडून शिकून घ्यायच्या. पुढचे तीन दिवस पाठ करून पक्कं करायच्या, मुलांच्या फक्त एक धडा पुढे. मी शिकवताना कोणाची भीड ठेवत नसे. एकदा त्रिकोणाच्या कोनांची बेरीज तिसऱ्यांदा चुकली तेव्हा सवयीने ओरडलो, "उभी राहा!" आणि चाळीस वर्षांची ती मेमबाई खरोखर उभी राहिली. मला घाम फुटला. बाई उभ्या उभ्याच फळ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता दिसलं जी. उभं राह्यलं की दिसते." पुढच्या वेळी अडल्या की आपण होऊन उभ्या राहायच्या.

बदल्यात काही घ्यायला मी तयार नव्हतो, तर म्हणाल्या, मग मुलांना मराठी लिहायला शिकवा, म्हणजे आणखी काम! शिकवलं. पहिल्याच दिवशी दोघांना सांगितलं, कोऱ्या कागदाला एकदम हात घालायचा नाही. आधी वर मधोमध श्री, मग बाकीचं. धाकट्याने विचारलं, का? मी म्हणालो, माझ्या मास्तरांनी सांगितलं म्हणून. मग एकाएकी आठवलं की हे मिशनऱ्याचं घर आहे. बाईंकडे पाहिलं. "नको असेल तर राहू दे," म्हणालो.

त्यांनी थोडा विचार केला. "मी टोपी घालतो, थे श्री काढतात. सुरू कराच्या आधी कायतरी पायजेच ना जी."

पावसाळ्यात नद्या चढल्या आणि टपाल बंद पडलं. धडे संपले. बाईंनी टोपी घातली आणि मुलांना घेऊन जंगल खात्याच्या डेपोवर गेल्या. तिथे सागाचे गोल, म्हणजे तोडलेले ओंडके, ओळीने पडलेले. प्रत्येकाचा घेर आणि लांबी मोजून त्यातलं लाकूड किती, ते काढायचं. मोठीने वेगळं मोजायचं, धाकट्याने वेगळं, आणि मग डेपोच्या मुन्शींना दाखवायचं. मुन्शी म्हणजे चांद्याचे एक वयस्क मुसलमान गृहस्थ, दाढीला मेंदी लावणारे. ते दोघांचं गणित पाहायचे, चष्मा कपाळावर सारायचे. "बेटीचं बरोबर हाय. बेट्या, तू झाड नाई मोजलं, झाडाची सावली मोजली." धाकटा पुन्हा मोजायला पळायचा. पाऊस धरून असायचा, मुलं चिखलाने माखायची, बाई टोपीवरून पाणी निथळत उभ्या असायच्या. सागवानातून मुलांना भूमिती आली ती माझ्या फळ्यावरून कधीच आली नसती. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. आता कबूल करतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षेचं पाकीट आलं, लाखेने बंद केलेलं. सोबत नियमांचा कागद. देखरेखीला मिशनचा नसलेला, नात्यातला नसलेला शिक्षक हवा. तो मीच. शिकवणाऱ्याने खोलीत थांबायचं नाही. बाईंनी लगेच टोपी काढली आणि म्हणाल्या, "आता मी आई आहो. आईले मनाई नाई लिहिली." मी त्यांना हाताने दार दाखवलं. माझं इंग्रजी बेताचं, पण अधिकार पुरेपूर होता.

आदल्या संध्याकाळी सगळे नियम मोठ्याने वाचले होते. त्यात एक असा, की उत्तरपत्रिकेवर नाव, खूण, चिन्ह काही असता कामा नये. असल्यास पत्रिका बाद. साहेबांनी मुलांना बजावलं, "कागदावर क्रॉस काढू नका." धाकट्याला तशी सवय होती. मीही बजावलं, चांदणी नको, फुलं नकोत, रेघ नको. सगळ्यांनी सगळं आठवून आठवून सांगितलं.

तीन दिवस पेपर चालले. मी दारातल्या खुर्चीवर कोतवालासारखा बसलो होतो. मोठी पहिल्या दिवशी अर्धा तास नुसती बसून होती. मग तिने उभं राहण्याची परवानगी मागितली. उभी राहिली, प्रश्नाकडे पाहिलं, बसली आणि सुटली लिहीत. ही युक्ती कोणाकडून आली ते मला माहीत होतं. शेवटच्या दिवशी मी सगळ्या उत्तरपत्रिका पाकिटात घातल्या, लाख लावली आणि पाकीट स्वतःच्या हाताने बल्लारशाच्या मोटारीत टपालाच्या थैलीत टाकून आलो.

संध्याकाळी ओसरीवर चहा. सगळे खूश. मी जरा जास्तच. म्हणालो, "बाई, पोरांना वळण लागलं हो माझं. प्रत्येक उत्तरपत्रिकेवर, प्रत्येक पानावर, वर मधोमध काय सुरेख श्री काढलाय दोघांनी!"

साहेबांनी कप खाली ठेवला. मोठीचा हात तोंडावर गेला. मग मला उमगलं. क्रॉस आठवला, चांदणी आठवली, फुलं आठवली. श्री कोणालाच आठवला नाही, कारण श्री ही आमच्या लेखी खूणच नव्हती. कागद तसाच असतो, अशी आमची समजूत. तीन दिवस डोळ्यांसमोर तो दिसत होता आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

वर्षभराची मेहनत मी एका श्रीत बुडवली होती. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. "बाई, माझी चूक," इतकंच म्हणता आलं. बाई उठल्या, आत गेल्या, आणि टोपी घालून बाहेर आल्या. संध्याकाळी टोपी! "पत्र लिहितो," म्हणाल्या. साहेब म्हणाले, न सांगता कदाचित त्यांच्या लक्षातही येणार नाही. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "लपवाले शिकवाची शाळा नाई ही. काऊन नाई सांगाचं?"

त्यांनी लिहिलं. मीही घरी जाऊन लिहिलं, इंग्रजीत, शब्दकोश मांडीवर घेऊन. मी, देखरेख करणारा शिक्षक, याला सर्वस्वी जबाबदार आहे. मुलांचा दोष नाही. हे चिन्ह मीच शिकवलं, त्याचा अर्थ फक्त आरंभ एवढाच. शिक्षा करायची तर मला करा. अशा सात ओळी. सहा कागद फाडले तेव्हा त्या जमल्या. दोन्ही पत्रं दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने गेली.

मग वाट बघणं. मृग आला, धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले गेले, उत्तर नाही. एक दिवस कुंपणाशी गेलो तर ओसरीवर पत्र्याच्या त्या दोन ट्रंका उन्हात उघड्या करून ठेवलेल्या. आत डांबराच्या गोळ्या. बाईंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "झुरळं झाली होती जी." मी मान हलवली. गुरुवारची भूमिती आम्ही तरीही चालू ठेवली होती. पुढच्या वर्षाची, कोणी विचारलं नाही कशाला.

पोस्टमन पाकीट घेऊन आला तेव्हा बाईंच्या घरी सकाळची शाळा भरलेली होती. बाईंनी ते फोडलं नाही. "जातानाचं पाकीट मास्तरनं बंद केलं होतं, हे बी मास्तरच उघडंन," म्हणून मला बोलावणं पाठवलं. मी धावत गेलो. पोरंही माझ्यामागे कुंपणापर्यंत. बाई टोपी घालून टेबलाशी उभ्या, मुलं आपापल्या जागी उभी, साहेब दाराशी औषधाची बाटली हातात तशीच धरून. मी लाख फोडली. घाईत कागद अर्धा फाटला.

दोघंही पास. मोठी वरच्या श्रेणीत. धाकट्याला सगळ्यांत जास्त गुण भूमितीत.

खाली आणखी एक कागद होता. तो मी सावकाश वाचला, मोठ्याने. उत्तरपत्रिकांवरच्या चिन्हाविषयी आपलं पत्र मिळालं. मंडळाने विचार केला. देखरेख करणाऱ्या शिक्षकांचं पत्रसुद्धा माथ्यावर त्याच चिन्हाने सुरू होतं, असं आमच्या लक्षात आलं. त्यावरून आपल्या प्रदेशात लिहिण्याचा आरंभच असा करतात, ही ओळख पटवण्याची खूण नव्हे, अशी आमची खात्री झाली.

माझ्या सात ओळींच्या वर, माफी मागताना, मी श्री काढला होता! मला आजही आठवत नाही. काढला असणारच. कागद कोरा होता.

आधी मुन्शी हसले. ते कधी आले होते कोणास ठाऊक. मग साहेब, मग कुंपणापलीकडची पोरं, कशाला हसायचं ते न कळता. बाई हसल्या नाहीत. त्यांनी भर शाळेच्या वेळात टोपी काढून टेबलावर ठेवली. असं मी त्या वेळी एकदाच पाहिलं. मोठीने टोपीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि "मम्मा!" म्हणत ती जी गळ्यात पडली ती सुटेना. मीठ मागणाऱ्या मुलीचं ते उत्तर होतं, असं मला वाटलं. मला रडू आलं. मी पोरांवर ओरडून ते लपवलं.

त्या ट्रंकांमध्ये पुढे शाळेची पुस्तकं ठेवली गेली. अशी तीन वर्षं गेली, तीनदा पाकीट आलं, तीनदा लाख मी फोडली. श्री प्रत्येक पानावर होता. आता कोणी विचारत नव्हतं.

मग मोठीला तिकडच्या कॉलेजात जागा मिळाली आणि साहेबांची काम सोडून परत जायची वेळही आली. आमच्या शाळेसमोर बल्लारशाची मोटार उभी राहिली. ट्रंका टपावर चढल्या. सारं आलापल्ली लोटलं होतं, मुन्शींनी मुलांच्या हातावर अत्तर लावलं. बाई मला म्हणाल्या, "मास्तर, भूमितीचे दोन धडे राह्यले जी."

"टपालाने पाठवतो," मी म्हणालो.

"काऊन नाई होत?" त्या म्हणाल्या आणि चढल्या.

चौघं एका ओळीत बसले. मोटार निघाली. त्या घरातलं कोणीही या वेळी मागे उरलं नव्हतं. धुळीत उभे होतो ते आम्ही. धूळ खाली बसली, आणि धूळ बसल्यावरही मी तिथेच. तेव्हा लक्षात आलं की एवढ्या उन्हात बाई उघड्या डोक्याने गेल्या. टोपी विसरल्या, मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. फळ्याशेजारच्या खिळ्यावर ती होती. गवती, कडेला बकरीने कुरतडलेली.

मी ती तशीच राहू देणार होतो. खरंच. पण मुलं रांगेने आत येत होती आणि माझा हात वर गेला. दोन्ही हातांनी टोपी डोक्यावर बसवली आणि वळलो. अख्खा वर्ग क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग चाळीस पोरं एकदम उभी राहिली आणि छप्पर उडेल अशा आवाजात ओरडली, "गुड मॉर्निंग, बाई!"

मी म्हणालो, "बसा."